विंगेतला गप्प माणूस

रमाकांत गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही पार्किंगमध्ये तालीम करत होतो. रविवारची सकाळ, साडेदहाचा सुमार. मुलुंड पूर्वेची आमची जुनी सोसायटी पाडून तिथे टॉवर उभा राहिला, त्यात आमचा हॉल गेला आणि तेव्हापासून आमची नाटकशाळा तळमजल्यावरच्या खांबांमध्ये, लोकांनी गाड्या बाहेर काढल्यावर उरेल तेवढ्या जागेत भरते. सहा ते चौदा वर्षांची वीसपंचवीस मुलं आणि आम्ही चारपाच हौशी मोठी माणसं, एवढाच कारभार. फोनवर रमाकांतची बायको सुलभा होती. "मंजू, गेला गं तो," एवढंच म्हणाली. मुलं माझ्याकडे बघत उभी होती. त्यांना मी काय सांगितलं ते आज आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की मी बोलत सुटले होते. बोलता बोलता पोशाखांच्या पिशव्या भरल्या, मुलांच्या आयांना फोन केले, वॉचमनला गाड्या आत घ्यायला सांगितलं, आणि या सगळ्यात माझं तोंड एकदाही बंद झालं नाही. मला गप्प बसता येत नाही, हे माझ्या माहेरची, सासरची आणि बँकेतली सगळी माणसं एकमताने सांगतील. रमाकांतला बसता यायचं.

आता दीड महिना होऊन गेला. लिहायला बसले की पहिल्यांदा त्याची स्टूलवरची बैठक डोळ्यांपुढे येते. तो आमचा प्रॉम्प्टर होता. नाटकात कुणी वाक्य विसरलं, तर विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशातून, ते हळूच सांगायचं हे त्याचं काम. भांडुपच्या एका कारखान्यात तो स्टोअरमध्ये नोकरीला होता. धाकट्या मुलीला आमच्याकडे सोडायला म्हणून आला. मुलीने महिनाभरात नाटक सोडून कथ्थक धरलं, बाप मात्र राहिला तो राहिलाच. पहिल्या दिवशी मी विचारलं, तुला काय काय येतं? म्हणाला, "काही नाही. पण वाचता येतं आणि सुट्टी रविवारचीच असते." अशा माणसाला काय काम द्यायचं? मी हातात नाटकाची वही दिली आणि स्टूल दाखवलं. त्या स्टूलवर तो एकोणीस वर्षं बसला. मुलं वयाने वाढून निघून जायची, नवी यायची, नाटकं बदलायची. हा आपला वहीवर उजव्या हाताचं बोट ठेवून, चष्मा नाकावर ओढून, बोलणाऱ्या मुलाच्या तोंडाकडे बघत बसलेला. सगळ्यांची सगळी वाक्यं त्याला पाठ असायची, तरी बोट वहीवरून कधी उठलं नाही.

त्याचा एक नियम होता, आणि त्या नियमावरून आमची जितकी भांडणं झाली तितकी माझी नवऱ्याशीही झाली नसतील. मूल अडलं की लगेच सांगायचं नाही. मुलाने त्याच्याकडे बघितलं, तरच सांगायचं. बघितलं नाही तर थांबायचं, मग कितीही वेळ जावो. मुलं घाबरून पटपट बोलू लागली, की आपल्या मालवणीत म्हणायचा, "वायच रव रे झिला." थोडा थांब, एवढाच अर्थ. पण तो असं काही सावकाश म्हणायचा, की मूल खरोखर थांबायचं आणि श्वास घ्यायचं. मी त्याला एकदा वैतागून विचारलं, हे खूळ तुझ्या डोक्यात कुठून आलं? तेव्हा त्याने लालबागची गोष्ट सांगितली. वडील गिरणीत, चाळीच्या गणपतीत नाटक, आणि याला नोकराची विनोदी भूमिका. ऐन वेळी हा क्षणभर अडला, तर प्रॉम्प्टरने इतक्या मोठ्याने वाक्य सांगितलं, की लोक प्रॉम्प्टरलाच हसले. "मग मी तेच वाक्य बोललो ना, तर एक माणूस हसला नाही," तो म्हणाला. "मला आठवत होतं गं. जरा थांबायला पाहिजे होतं त्याने." हे सांगताना पन्नाशीचा माणूस इतका नाराज दिसत होता, की मीच हसले.

पण एकदा मला हसू आलं नाही. आम्ही एका बालनाट्य स्पर्धेत पहिल्यांदाच उतरलो होतो. नाटक मीच लिहिलेलं, टॉवरच्या बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचं. नऊ वर्षांची ऋतुजा त्यात आजी झाली होती. पांढरा विग, हातात काठी, सगळं झकास चाललेलं, आणि अर्ध्यावर ती थांबली. वाक्य साधं होतं: "मला पाचव्या मजल्यावर जायचंय, पण घाई नाही." मी समोरच्या विंगेत. रमाकांत पलीकडे, तिच्यापासून चार हातांवर. मी हातवारे करून त्याला सांगत होते, सांग, सांग ना. तो वहीवर बोट ठेवून ऋतुजाकडे बघत होता आणि ऋतुजा आपल्या काठीकडे. प्रेक्षकांत कुणी खोकलं. मग ती पोरगी मान वर करून लोकांना म्हणाली, "थांबा हां, आठवतंय मला." सभागृह हसलं, तिने तिचं वाक्य म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. पण आमची वेळ संपून वरती दोन मिनिटं झाली आणि परीक्षकांनी नाटक बाद केलं.

बाहेरच्या जिन्यावर, मुलांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या देखत, मी रमाकांतला नाही नाही ते बोलले. तुला प्रॉम्प्टर म्हणून बसवलंय, पाहुणा म्हणून नाही. तुझ्या एका हट्टापायी वीस मुलांची वाट लावलीस. तुला स्वतःला काही करता येत नाही, म्हणून दुसऱ्याचं केलेलं बघवत नाही. हे शेवटचं मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला कळलं की हे खोटं आहे. तो एवढंच म्हणाला, "तिने बघितलं कुठे माझ्याकडे? ती शोधत होती." आणि वही माझ्या हातात देऊन जिना उतरून गेला.

त्यानंतर पाच महिने प्रॉम्प्टिंग मी केलं. मुलाने आ वासला की माझं वाक्य तयार. कधी कधी तर मूल नुसतं श्वास घ्यायला थांबायचं आणि मी त्याच्या पुढे धावायचे. व्हायचं ते झालं. मुलांनी पाठ करणं सोडून दिलं. एकेक जण अर्धं वाक्य बोलून माझ्याकडे बघायचा, जणू बाकीचं अर्धं माझ्याच वाट्याचं. शेवटी एका रविवारी मीच रमाकांतच्या घरी गेले. लाज गिळून म्हणाले, "ये रे परत. मी सगळ्यांना बिघडवून ठेवलंय." त्याने चपला घातल्या, हात पुढे केला आणि म्हणाला, "वही दे." रस्ताभर आम्ही भाजीच्या भावाबद्दल बोललो. माफी राहूनच गेली. मग ती इतकी जुनी झाली की काढायला अवघड वाटायला लागली. पुढची सात वर्षं आम्ही दर रविवारी भेटलो, एका डब्यातलं खाल्लं, आणि जिन्यावरच्या त्या बोलण्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, त्यांना बाहेर यायला वेळ लागतो. पण तेवढा वेळ देतो कोण? तो "प..." म्हणाला की सुलभा म्हणायची पाणी? पंखा? पेपर? भाऊ आला की तोही सुरू, शेजारी आले की तेही. मी तर सगळ्यांच्या पुढे. सगळे प्रेमानेच करत होतो, आणि तो बिचारा आम्ही दिलेल्यातलं एखादं उत्तर मान हलवून मान्य करायचा. वेगळी वागली ती फक्त ऋतुजा. आता ती सोळा वर्षांची आहे, दहावी झाली. ती एकदा माझ्याबरोबर आली आणि पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसली. तो "बि..." म्हणून अडकला. मी तोंड उघडलं, तर तिने न बघताच माझ्या हातावर हात ठेवला. मला ते सहन होईना, मी उठून स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच वेळाने खोलीतून त्याचा आवाज आला, "बिस्किट... घे." ती म्हणाली, "घेते काका." बाहेर आले तर दोघं बिस्किटं खात होते, आणि झटका आल्यापासून इतकं खूश मी त्याला पाहिलं नव्हतं.

एवढं पाहूनही मी शिकले नाही, हेच मला लिहायचं आहे. तो गेला त्याच्या आधीच्या गुरुवारी दुपारी मी त्याच्याकडे गेले होते. सुलभा औषधं आणायला बाहेर पडली होती, घरात आम्ही दोघंच. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मंजू... तू... तेव्हा..." मला वाटलं, जिन्यावरचं निघणार. मी घाईघाईने म्हणाले, "तेव्हा मी जास्तच बोलले रे, माहितीये मला. चुकलंच माझं." सात वर्षं राहिलेली माफी अशी एका दमात, त्याचं वाक्य अडवून मागितली. त्याने मान हलवली. नाही, ते नाही. पुन्हा म्हणाला, "तेव्हा..." मी म्हटलं, "औषधाची वेळ झाली का? बसवू तुला? सुलभा येईलच." तो माझ्याकडे बघत राहिला, मग हसला आणि डाव्या हाताने माझा हात दोनदा थोपटला. मी निघून आले. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कधीच कळणार नाही. तेव्हा मी काय? चुकले, हसले, आणखी काही? त्याच्या अर्ध्या वाक्यापुढे माझेच शब्द ठेवून बघायची मला सवय आहे, आणि तीच तर चूक आहे.

तेराव्यानंतर दोन आठवड्यांनी मी सुलभाकडे गेले आणि तिला हे सांगून टाकलं. ती गवार मोडत बसली होती. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मंजू, अडतीस वर्षं त्याची वाक्यं मीच पुरी केली. त्याला भाजी कुठली आवडते, ते पण मीच सांगायचे. तुला एका वाक्याचंच लागलं होय?" मी हसले, तीही हसली. मग तिचे हात थांबले. "आता घरात..." ती म्हणाली आणि गप्प झाली.

माझ्या जिभेवर चार शब्द हजर झाले. करमत नाही. खायला उठतं. रिकामं वाटतं. भीती वाटते. यातला कुठलाही चालला असता. मी ओठ मिटून घेतले. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाल्कनीच्या ग्रिलकडे बघत होती. खाली कुणाची तरी गाडी मागे येत असल्याचं ते टुकार संगीत वाजलं, संपलं. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली. किती वेळ गेला मला माहीत नाही. माझ्या आयुष्यात मी एवढा वेळ कुणासाठी थांबले नव्हते, एवढं नक्की.

"आता घरात सगळे माझ्याशी बोलायलाच येतात गं," सुलभा म्हणाली. "गप्प बसायला कुणी उरलं नाही."

तिने मूठभर गवार माझ्यापुढे सरकवली आणि आम्ही दोघी मोडत बसलो.