‘सांगता येत नाही’ म्हणणारा माणूस

आमच्या बागेत हापूस उतरवायला येणारे काका झाडाखाली उभे राहून फळांचे तीन प्रकार करायचे: तयार, कोवळं आणि ‘सांगता येत नाही’. देठाजवळचे खांदे भरले की फळ तयार. पण तीस वर्षं हेच काम करूनही प्रत्येक कलमावरच्या पाच-दहा फळांबद्दल ते म्हणत, “ह्यांचा नाय सांगता येत, भाऊ.” मग त्यातलं एकच काढून पाण्याच्या बादलीत टाकत. बुडलं तर तयार. तरंगलं तर बाकीची झाडावरच राहत.

मी शाळेत गणित शिकवतो. असलं उत्तर मला चालत नाही. वडील गेल्यावरच्या पहिल्याच हंगामात टेम्पो दारात उभा आणि काका बादली मागत होते.

“एवढ्या वर्षांनी पाण्याला विचारावं लागतं तुम्हाला?” मी गड्यांसमोर म्हणालो.

“पाणी हट्ट नाय करत, भाऊ.”

गडी हसले. मी आंबे उतरवायचा झेला हातात घेतला आणि ती ‘सांगता येत नाही’मधली सगळी फळं स्वतः उतरवली. मला तिळमात्र शंका नव्हती. चुकत असतानाही खात्री तशीच वाटते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवसांनी मुंबईहून बहिणीचा फोन आला. सासरी वाटलेले आपले आंबे पिकलेच नाहीत, कोवळे काढल्यासारखे सुरकुतले. शेजारचे बागायतदार तेव्हा माझ्या पडवीत बसले होते. काय झालं असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “काकांची नजर गेली आता.”

पुढच्या वर्षी त्यांनी काकांना बोलावलं नाही. आणखी दोघा बागायतदारांनीही नाही.

एका सकाळी काका बागेच्या दगडी गडग्यापाशी भेटले. “भाऊ, ते आंबे मी काढले की तुम्ही? मला तुम्हीच काढल्यासारखं वाटतं. पण सगळे म्हणतात नजर गेली, तर आठवण पण गेली असंल.”

मला तो टोमणा वाटला. तो नव्हता. माझ्या खोट्यालाही त्यांनी ‘सांगता येत नाही’मध्येच ठेवलं होतं. इतका प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

“मीच काढले,” मी म्हणालो.

त्याच दिवशी त्यांना घेऊन मी शेजाऱ्यांकडे गेलो आणि काकांसमोरच सगळं सांगितलं. शेजाऱ्यांनी काकांना सोमवारी यायला सांगितलं. उरलेल्या दोघांकडेही जाऊन आलो. ते अजून बोलावत नाहीत. काकांची नजर गेली, याबद्दल त्यांची खात्री झालेली आहे.