उंटाची चाल आणि आत्याची

माझ्या आत्यानं आयुष्यात सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द म्हणजे 'बस'. लहानपणी तापात तिचा डावा पाय वाळला आणि आखूडच राहिला. तेव्हापासून घरात एकच पालुपद, "तू बस गं, आम्ही आणतो." आत्या ऐकून घ्यायची आणि उठायची. बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणतात, "ताईकडून काही करून घ्यायचं असेल तर 'तुला जमणार नाही' एवढंच म्हणायचं."

खिडकीशी बसवलं की ती कुंपणावरचं मांजर बघायची. पुढचा पाय जिथं पडला, जवळजवळ तिथंच मांजर मागचा पाय टाकतं, म्हणून त्याची चाहूल लागत नाही, हे तिनं तिथंच हेरलं. पुढे प्राणिशास्त्र शिकली आणि प्राण्यांच्या सांगाड्यांच्या संग्रहालयात, शाळेच्या मुलांना माहिती सांगायच्या नोकरीला लागली.

ती सांगायची कमी, करायला लावायची जास्त. "हे मेलेत म्हणून काचेत उभे आहेत. तुम्हाला काय धाड भरलीय? चाला!" मग दोन मुलं एकामागे एक. मागच्याचे हात पुढच्याच्या खांद्यावर. दोघांचा डावा पाय एकदम, मग दोघांचा उजवा. झाला उंट! अंग इकडून तिकडे डुलायला लागायचं. आता पुढच्याचा डावा आणि मागच्याचा उजवा एकदम टाका. दुडक्या चालीचा घोडा! डुलणं गायब. सापासाठी सगळे गुळगुळीत फरशीवर पालथे, हात पाठीशी. कितीही वळवळले तरी कुणी तसूभर पुढे सरकायचं नाही. "बघा, सापालाही रेटायला काहीतरी खडबडीत लागतं."

मग नवे साहेब आले. चार दिवस आत्याला लांबून बघितलं आणि बोलावून घेतलं.

"बाई, तुम्ही उद्यापासून आतल्या खोलीत बसून हाडांना लेबलं लावा. विषय चालण्याचा आहे, आणि तुम्ही... समजून घ्या ना."

"नाही समजलं. सांगा."

"बरं नाही दिसत."

"कुणाला?"

साहेब टेबलावरची टाचणी उगाच इकडून तिकडे सरकवायला लागले. "तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय."

"माझं भलं मला उभ्यानं झेपतं," आत्या म्हणाली. "पाय आखूड आहे म्हणून काढतो, असं लिहून द्या. मग बघू."

साहेबांनी लिहून दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आत्या दालनात हजर. साहेब दारात हाताची घडी घालून उभे. नेमकं तेव्हाच एका चिमुरडीनं विचारलं, "बाई, तुम्ही अशा का चालता?"

"गप्प!" तिच्या शिक्षिका खेकसल्या.

"गप्प कशाला? आज विषयच चालीचा आहे," आत्या म्हणाली. "आपण एका पायावर असतो तेव्हा शरीराचा भार त्याच पायावर आणावा लागतो, नाहीतर पडतो. माझा हा पाय आखूड, म्हणून दर पावलाला मी जास्त कलते. बदकाचे पाय फाकलेले, म्हणून तेही डुलतं. पडतं का बदक? मी पडले का? काढा एकेक बूट आणि बघा चालून."

तीसेक मुलं एका बुटावर लंगडत, खिदळत दालनभर फिरायला लागली.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"चाल चाललीय, साहेब."

साहेबांनी तिची बढती कायमची अडवली. आत्या ज्या पदावर लागली त्याच पदावरून निवृत्त झाली. बाबा अजून हळहळतात, "थोडं नमतं घेतलं असतंस तर!" त्यावर ती त्यांना भाजी चिरायला बसवते.

मागच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर संग्रहालयात गेले. पहारेकरी तिला ओळखून म्हणाला, "निवृत्त लोकांना मुलांना शिकवायची परवानगी नाही." आत्यानं तिकीट काढलं आणि आत जाऊन काचेतल्या खेकड्यापाशी उभी राहिली. "याचे गुडघे बाजूला वाकतात, म्हणून हा तिरका पळतो," ती मला सांगायला लागली, मुद्दाम मोठ्यानं. शेजारून चाललेली शाळेच्या मुलांची अख्खी रांग वळून आमच्यामागे आली.