न फिरणारी सुई

बदरी-केदारहून कुणी परतलं की बनारसमधली मंगला गौरीची आमची गल्ली प्रसाद मागायची आणि सुईवाल्या काकू फांदी मागायच्या. "प्रसाद बाद में, आधी फांदी दे!" म्हणत त्यांचा हात पुढे. काकूंना जाऊन वर्ष झालं, तरी तो हात डोळ्यांपुढून हलत नाही.

काकूंनी मुलींच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. हिमालयातली झाडं वाळलेल्या फांद्यांवरून शिकवत, कारण स्वतः हिमालयात कधी गेल्याच नव्हत्या. आधी सासूबाईंचं आजारपण, मग स्वतःचे गुडघे. निवृत्तीनंतर नजरही जाऊ लागली. फरच्या झाडाची ताजी फांदी एकदा हातात यावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण फर आणि स्प्रूस ही दोन्ही बारमाही हिरवी, दोन्हींची पानं सुईसारखी. लोक हटकून स्प्रूस आणत, नाहीतर देवळाजवळचा देवदार.

मीही एकदा बदरी-केदारहून मोठ्या ऐटीत फांदी आणली. आईने ती आधी देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. काकूंनी कुंकू झटकलं आणि एक सुई तोडून चिमटीत फिरवली.

"ही तर घूमते आहे गं! चौकोनी आहे ना, म्हणून. स्प्रूस! फरची सुई चपटी, ती नाही फिरायची."

माझं तोंड एवढंसं झालं. वर त्यांनी बजावलं, "आणि झाडाखाली अख्खा शंकू दिसला तर सरळ पुढे चालू लाग. फरचा शंकू झाडावरच सुटा होऊन गळतो."

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेले. तोवर काकू माणसंही आवाजावरूनच ओळखत होत्या. या खेपेला मी प्रत्येक झाडाखाली वाकून पाहिलं, सुया फिरवून फिरवून बोटं चिकट झाली. घोडेवाल्याने विचारलंसुद्धा, "दीदी, कुछ खो गया क्या?"

वाऱ्याने पडलेली एक हिरवी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून मी बनारसला आणली. आईला हात लावू दिला नाही. काकूंनी सुई चिमटीत धरली. फिरवली. पुन्हा फिरवली.

"नाही फिरत! अगं, नाही फिरत!"

त्या ओरडल्या तशी अर्धी गल्ली दारात जमली. काकू हसत होत्या, रडत होत्या आणि मीही. मग एकदम त्यांनी विचारलं, "झाड केवढं होतं गं?"

"आपल्या बालाजी घाटाच्या पायऱ्यांहूनही उंच."

"आणि शेंडा?"

"दिसलाच नाही काकू. ढगात होता."

फांदी गालाला लावत त्या म्हणाल्या, "मग तू आणि मी सारखंच पाहिलं की!"