मुळ्याची रांग

जपानमधली सात वर्षं संपवून आमचा सांगलीचा मित्र मुंबईच्या हेड ऑफिसला परत निघाला होता. जायला बारा दिवस उरले असताना टोक्योजवळच्या आमच्या ग्योतोकु स्टेशनबाहेर तो मला म्हणाला, "मला एकदा इथलं गरम जेवण जेवायचंय. घरी गेल्यावर लोक विचारणार, जपानी जेवण कसं असतं. मी काय सांगू, थंड सोयाबीन?"

तो शाकाहारी आहे. त्यामागे नवस, आईला दिलेला शब्द असं काही नाही; त्याला जमत नाही, एवढंच. आणि इथे अडचण मटणाची नसते, रश्शाची असते. सुकवलेल्या माशाचा अर्क भाजीत, सूपमध्ये, नूडल्समध्ये, सगळीकडे असतो. दुपारी टीममधली मंडळी गरम नूडल्स खायला उठली की हा डेस्कवर डबा उघडायचा. पार्टीला गेला तर उकडून गार केलेल्या सोयाबीनच्या शेंगा आणि संत्र्याचा रस. अशी सात वर्षं.

म्हणून क्योतो ठरलं. जुनी राजधानी, पावलोपावली देवळं, आणि देवळाच्या स्वयंपाकात मासा नसतो. अशी जेवणं तिथे मिळतात, पण एका ताटाची किंमत आमच्या माणशी दिवसाच्या अख्ख्या खर्चाहून जास्त निघाली. ती मी आणि बरोबर येणारा माझा शेजारी देतो म्हटलं, तर तो नाही म्हणाला. मुलांच्या शाळाप्रवेशाचे आकडे त्याच्या डोक्यात होते, आणि इतकं थांबल्यावर पहिला घास दुसऱ्याच्या पैशाने घ्यायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. मग मी दोन संध्याकाळी बसून क्योतोतली साधी दुकानं शोधली आणि एक सापडलं. फोटोत गाजर, पालक, मश्रूम घातलेल्या जाड नूडल्स, वर वाफ. वेळापत्रकात शनिवार संध्याकाळ सहा, असं लिहून टाकलं.

आम्ही तिघे निघालो: तो, मी, आणि आमच्याच इमारतीतला हा शेजारी, जो आयटीत आहे आणि ज्याला कशाचंही हसू येतं. सकाळची बस, आठ तासांचा प्रवास, सर्वांत स्वस्त. डिसेंबर होता. शेजाऱ्याने बॅग छोटी ठेवायची म्हणून तीन स्वेटर अंगात घातले होते आणि बसच्या हीटरमध्ये तो एकेक सोलत होता. माझ्या बायकोने तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या होत्या. मी त्या प्रत्येकी सात अशा वाटल्या, तेव्हापासून शेजारी मला वेळापत्रक-सान, म्हणजे वेळापत्रकराव, म्हणू लागला. पंचेचाळिशी ओलांडलेले तिघे बाप्ये, बायकामुलांशिवाय, कॉलेजनंतर पहिल्यांदाच असे निघालेले. त्या शांत बसमध्ये आम्ही मफलर तोंडात कोंबून हसत होतो. कशाला, ते आता सांगताही येणार नाही.

शनिवारी सहाला दुकानात बसलो. सांगलीकराने घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं: यात मासा आहे का? मालक प्रामाणिक होता. तो कमरेत वाकला आणि म्हणाला, वरच्या भाज्या भाज्याच आहेत, पण रस्सा माशाचा. मी फोटोतला एकेक पदार्थ तपासला होता. पाणी तपासलं नव्हतं. सांगलीकराने पांढरा भात आणि लोणचं घेतलं, आणि माझी समजूत काढत बसला की भात छान आहे, चिकट आहे, गरमही आहे. मी माझ्या नूडल्स बाजूला सारल्या.

आता उरला रविवार, आणि परतीची बस दोन पन्नासला. सकाळचा कार्यक्रम सोनेरी देऊळ बघण्याचा होता. ते बघितल्याशिवाय क्योतोहून परत आलो हे घरी सांगण्याची माझी तरी हिंमत नव्हती. मी बसचा नंबर कागदावर लिहिला होता. चौकातला थांबा सापडला, तिथे तीसेक लोकांची रांग, बहुतेक म्हातारी माणसं, हातात कापडी पिशव्या. जपानमध्ये इतकी वर्षं काढली की पाय आपोआप रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहतात. आमचेही राहिले.

पहिली बस आली. रांगेतलं कुणी चढलं नाही. मी म्हटलं, नंबर वेगळा आहे, हे सगळे आपल्याच बसचे. दुसरी आली, तीही तशीच गेली. मग आमची आली. नंबर तोच, दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, आणि रांग जागची हलली नाही. सांगलीकर म्हणाला, चढूया की. मी त्याचा हात धरला. पुढे तीस म्हातारी माणसं उभी असताना त्यांना ओलांडून चढायचं? दार बंद झालं. आमची बस आमच्या डोळ्यांसमोरून गेली आणि आम्ही तिला शिस्तीत जाऊ दिलं.

दहा मिनिटांनी तोच नंबर पुन्हा आला. आम्ही तोही जाऊ दिला. रांग मात्र मध्येमध्ये चार पावलं सरकत होती, थांबा सोडून पुढे, एका बोळाच्या दिशेने. माझा कागद काही बोलेना. शेवटी शेजाऱ्याने पुढच्या आजींना विचारलं. त्या बराच वेळ हसत हसत सांगत होत्या. तो परत वळला तेव्हा त्याचा चेहरा लाल होता आणि ओठ थरथरत होते.

"वेळापत्रक-सान," तो म्हणाला, "ही रांग मुळ्याची आहे."

बोळाच्या टोकाला एक देऊळ होतं. हिवाळ्यात तिथे मोठ्या कढयांत मुळा शिजवतात, आणि तो खाल्ला की वर्षभर दुखणं येत नाही अशी समजूत आहे. मुळ्यासाठी आपण दोन बस सोडल्या, इतकं म्हणून शेजारी जो खाली बसला तो उठेना. मीही विजेच्या खांबाला टेकलो. आजींनी पिशवीतून कागदी रुमाल काढून आम्हाला एकेक दिला, कारण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सांगलीकर हसला नाही. त्याने विचारलं, "शिजवलेला?"

शेजारी उठून उभा राहिला. देऊळ, शिजवलेला मुळा, आणि किंमत आमच्या दुपारच्या जेवणाच्या खर्चात बसणारी. आत मासा आहे की नाही, ते आजींना नक्की ठाऊक नव्हतं. मी घड्याळ पाहिलं. इथे थांबलो तर सोनेरी देऊळ होत नव्हतं. सांगलीकर म्हणाला, तुम्ही दोघं जाऊन या, मी थांबतो.

"म्हणजे तू एकटा मुळा खाणार," शेजारी म्हणाला, "आणि वर्षभर आजारी आम्ही पडायचं?"

मी सोनेरी देवळावर रेघ मारली. ठरवलेली गोष्ट मी एरवी खोडत नाही, पण त्या दिवशी पेन सहज चाललं.

आणखी पन्नास मिनिटांनी आमचा नंबर लागला. ॲप्रन बांधलेल्या बाईंनी वाडगा पुढे केला. सांगलीकराने तो न घेता आपलं वाक्य म्हटलं. बाई थबकल्या. त्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं, त्यांनी आतल्यांना. रांग थांबली. आमच्यामागे पन्नासेक माणसं थंडीत उभी होती आणि आमच्यामुळे त्यांचा मुळा निवत होता. माझे कान तापले. मागून कुणी हूं की चूं केलं नाही, त्याने तर आणखीच तापले. सांगलीकर हात खाली सोडून उभा होता, शाळेत निकाल लागायच्या वेळी उभं राहतात तसा. मी मनातल्या मनात त्याची समजूत काढायचं वाक्य जुळवायला लागलो: छान आहे, मोकळी हवा आहे, देऊळही बघून झालं.

आतून बाह्या बांधलेले एक म्हातारे आचारी आले. त्यांच्या हातात हातभर लांब, काळपट हिरवी, ओली पट्टी होती, गुरांच्या दाव्यासारखी जाड. ती त्यांनी सांगलीकराच्या नाकासमोर धरली.

"कोम्बु," ते म्हणाले. समुद्रातलं शेवाळ. रश्शात हे आणि सोयाबीनचा सॉस, दुसरं काही नाही, मासा तर नाहीच, देऊळ आहे हे. आणि त्यांनी ती पट्टी त्याला हुंगायला लावली.

त्याने वाडगा दोन्ही हातांनी घेतला.

अंगणातल्या बाकावर आम्ही ओळीने बसलो. मनगटाएवढ्या जाड मुळ्याच्या तीन चकत्या, तळलेल्या टोफूचा एक तुकडा, आणि वाफ इतकी की माझा चष्मा गेला. मुळा काडीने नुसता दाबला तरी फुटत होता. सांगलीकराने मोठा तुकडा तोंडात टाकला, जीभ पोळली, तोंड उघडं ठेवून हा हा करत गिळला. मग दुसरा. आम्ही दोघं आमचे वाडगे तसेच धरून त्याच्याकडे बघत होतो.

"कसा आहे?" शेजाऱ्याने विचारलं.

त्याने नीट विचार केला. सात वर्षांचा प्रश्न होता.

"अळणी आहे," तो म्हणाला.

शेजाऱ्याच्या हातातला रस्सा त्याच्या तिसऱ्या स्वेटरवर सांडला. आम्ही इतके हसलो की मघाच्या आजी वळून बघायला लागल्या आणि त्याही हसल्या. सांगलीकर मात्र खातच होता. चकत्या संपल्या, टोफू संपला, मग त्याने वाडगा ओठाला लावून तळ दिसेपर्यंत रस्सा प्यायला आणि मिशी पुसली.

"बस कितीला म्हणालास?" त्याने मला विचारलं.

मी हिशेब केला. रांगेची जास्तीत जास्त सत्तर मिनिटं, खायला दहा, स्टेशनपर्यंत पस्तीस. बसत होतं, जेमतेम.

तो उठला आणि बोळातून चालत जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला.