कुत्रं नव्हतं ते

"सेप्टिक आर्थ्रायटिस आहे," पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, तेव्हा त्यांनी सोपं करून सांगितलं. "कोपराच्या सांध्यात पू झालाय. विष रक्तात उतरायला लागलंय. हात वाचवत बसलो तर माणूस जाईल. दंडापासून काढावा लागेल."

आमचे हे कॉटवर तापाने फणफणत होते. उजवा हात भोपळ्यासारखा सुजला होता, कातडी ताणून चकाकत होती. मी जन्मभर गोठा काढलाय, पण त्या हाताच्या वासाने मी नाकाला पदर लावला.

"कुत्रा केवढा होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"लई मोठं व्हतं, सायेब. पिसाळल्यालं," माझे दीर चटकन म्हणाले. मी यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

उसाच्या कडेला ज्यांची घरं आहेत, त्या बायाबापड्यांसाठी मी हे लिहितेय. आमच्यावर आली ती तुमच्यावर न येवो. पण आलीच, तर आम्ही केलं तसं करू नका.

आमचे हे लष्करात हवालदार. नोकरीची शेवटची वर्षं साहेबलोकांच्या गोल्फच्या मैदानावर ड्युटी होती, तिथे त्यांना त्या खेळाची चटक लागली. निवृत्त होताना एका साहेबांनी तीन जुन्या काठ्या आणि पिशवीभर चेंडू दिले. पेन्शन घेऊन आलेल्या माणसाने गावात काय करावं? पारावर बसावं, राजकारण करावं. यांनी तोड झालेल्या उसाच्या रानात पाचट जाळून जागा साफ केली, डालड्याचे डबे पुरले आणि गोल्फ सुरू केला. मागे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या आणि पुढे आमचे हवालदार, कंबर वाकवून चेंडूवर नेम धरलेले. जाणारायेणारा विचारायचा, "हवालदार, विटी कुठंय?" मीही हसायचे. घरी आल्यावर भांडायचेही.

त्या दिवशी ऊसतोड टोळी बाजाराला गेली होती. अर्धा फड तोडलेला, अर्धा उभा. मी बांधावर म्हशीसाठी गवत कापत होते. यांचा चेंडू उभ्या उसाच्या कडेला गेला. हे ओणवे होऊन पाचटात हात घालून शोधायला लागले. ओणवा माणूस त्या जनावराला माणूस वाटतच नाही, हे पुढे वनखात्याच्या माणसाने मला सांगितलं. तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

ऊस हललासुद्धा नाही. पिवळं काहीतरी बाहेर आलं आणि हे खाली पडलेले दिसले. वाघ गळ्यावर आला होता; आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. यांनी हात आडवा घातला म्हणून हात तोंडात सापडला. हाड करकरल्याचा आवाज मला बांधावर ऐकू आला. हे ओरडले नाहीत, लष्करातल्या हिंदीत शिव्या देत होते.

मी पळाले. हातात विळा होता, पण विळ्याने मारायचं तर त्याच्या तोंडाशी जायला हवं. यांची खाली पडलेली गोल्फची लोखंडी टोकाची काठी उचलली आणि घातली. पहिला दणका यांच्याच खांद्यावर बसला. दुसरा वाघाच्या पाठीत. त्याला काही वाटलं नाही. माझ्याकडे बघत बघत त्याने तो हात चिंधी झटकावी तसा झटकला, आणि माझ्या तोंडावर गरम रक्त उडालं. मग माझं डोकं फिरलं. मी त्याच्या नाकाडावर मारलं, परत मारलं, डोळ्यावर मारलं. त्याच्या तोंडातून रक्त आलं, ते त्याचं की यांचं कळेना. कधीतरी त्याने हात सोडला आणि गुरगुरत उसात शिरला. तरी मी जमिनीवर दणके घालतच होते. तो थांबला असता तर मी त्याला जिवंत सोडला नसता. मला त्याची लाज वाटत नाही.

दीर धावत आले. त्यांनी जखमेत हळद भरली, उपरणं करकचून बांधलं, जीप आणली. जीपमध्ये माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वयनी, कुत्रं चावलं म्हना. वाघाचं नाव निघालं तर टोळी आजच गाड्या जुंपून जाईल. फड तसाच उभा ऱ्हाईल."

आमच्याकडे ज्याने ऊस लावलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कारखान्याची तोड मिळायला किती हातापाया पडावं लागतं! टोळी गेली की ऊस उन्हात वाळून काटक्या होतो. शिवाय मला वाटलं, चावा तो चावा, इंजेक्शन तर तेच. मी मान हलवली.

नारायणगावच्या डॉक्टरांनी जखम धुतली, पिसाळण्याची इंजेक्शनं सुरू केली आणि फाटलेलं मांस शिवलं. बाजूची बारीक भोकंही टाके घालून मिटवली. ब्लाउजची शिलाई शोभावी इतकं नीटस काम. आम्हाला बरंच वाटलं. दोनच दिवसांत हे थंडीने कुडकुडायला लागले. टाक्यांच्या मधून पू आला. पुण्याला आणेपर्यंत ते मला ओळखेनासे झाले होते.

पुण्याच्या डॉक्टरांनी आल्या आल्या मोठ्या जखमेचे टाके उसवले होते. भोकं वरून सुकलेली दिसत होती, म्हणून त्यांना हात लावला नव्हता. आणि आता ते माझ्यापुढे संमतीचा कागद धरून उभे होते. "सही करा, बाई. वेळ नाही."

मी पेन धरलं. यांच्या त्या काळ्यानिळ्या बोटांकडे बघितलं. मला वाटलं, हात जाणारच असेल तर निदान खरं ऐकून तरी जावा.

"डॉक्टर, कुत्रं नव्हतं ते. वाघ व्हता. बिबट्या."

"वयनी!" दीर ओरडले.

डॉक्टर माझ्यावर इतके भडकले की सगळा वॉर्ड बघायला लागला. "आधी का सांगितलं नाही? कुत्रा फाडतो. मांजराच्या जातीचा दात दाभणासारखा आत जातो. वर भोक एवढंसं, पण घाण हाडापर्यंत! ती भोकं शिवली म्हणजे पू आत कोंडला!" मग जरा शांत होऊन म्हणाले, "सगळी भोकं खोलवर उघडतो. सकाळपर्यंत थांबतो. ताप हटला नाही तर मात्र मला अडवायचं नाही."

त्याला डिब्राइडमेंट म्हणतात. सडलेलं मांस कापून काढायचं, ताज्या रक्ताचं मांस दिसेपर्यंत. सकाळी नर्सने काखेतून थर्मामीटर काढला आणि माझ्याकडे बघून नुसती हसली. ताप उतरला होता.

हात राहिला. पण रोजचं ड्रेसिंग म्हणजे रोजचा वाघ होता. बोटभर खोल भोकांत पट्टी घालायची आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढायची. हे टॉवेल दातात धरायचे. मी पाय दाबून धरायचे, आणि मनातल्या मनात दिराला शिव्या घालायचे, मग स्वतःलाही घालायचे.

इकडे गावात बातमी पोचली. वनखात्याने पिंजरा लावला, टोळी दुसऱ्या गावाला गेली. दीर म्हणाले, "तुमच्या एका तोंडानं फड वाळला, वयनी." मी म्हटलं, "आन् टोळीतली एखादी बाई वाकली असती तर, भावजी?" ते उठून गेले. वर्षभर आमच्या उंबऱ्याला आले नाहीत. मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही. त्या फडात त्या बाया दिवसच्या दिवस ओणव्याने कोयता चालवत होत्या, आणि आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. कुणाला काही झालं नाही, ही देवाचीच कृपा.

तेव्हा बायांनो, एवढं ऐका. हळद भरू नका. साबण लावून धारेखाली भरपूर वेळ धुवा. आणि कुठलं जनावर होतं ते डॉक्टरला खरं सांगा, मग घरातलं कुणीही डोळे वटारो. त्या भडकलेल्या डॉक्टरांची मी जन्माची ऋणी आहे.

घरी आलो तेव्हा हात होता, पण बोटं मिटत नव्हती. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं, रोज बायकोचं मनगट धरून दाबायचं. रोज सकाळी ओट्यावर बसून हे दाबायचे आणि विचारायचे, "लागला का जोर?"

"न्हाई."

पावसाळा गेला. "जरा खोटं बोललीस तर काय बिघडंल?" एकदा ते चिडून म्हणाले.

"एकदा बोलले ते बास झालं," मी म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी आत जाऊन रडले, कारण तो हात माझ्या मनगटावर ओल्या फडक्यासारखा पडायचा.

दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांनी तसंच मनगट धरलं. मी गवारी निवडत होते, लक्ष नव्हतं. एकदम कळ आली. बांगडी वाढली, काच मनगटात घुसली, रक्त आलं. हे घाबरून हात सोडायला लागले.

"सोडू नका," मी म्हटलं.