वूफरची पेटी आणि मागचा बाक

आमच्या व्हॅनमधला मागचा बाक माझा आणि माझ्या मुलीचा होता. कुणी तसं वाटून दिलं नव्हतं, पण सगळ्यांना जागा मिळाल्यावर जे उरतं ते मोठ्या सुनेचं, या न्यायानं तो आमच्याकडे आला. गाडी चालवायला धाकटे दीर, शेजारी सासरे, मधल्या सीटवर सासूबाई, जाऊ आणि आमचे हे. मागे आम्ही दोघी आणि पायाशी पिशव्या. सगळ्यात जास्त धक्के तिथेच बसत. तरी मला तो बाक आवडायचा, कारण तिथे बसलं की कुणी उठून काही द्यायला सांगत नसे.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. नाशिकमध्ये तेव्हा ज्याच्या गाडीतली गाणी कोपऱ्यापलीकडे ऐकू येतात तो मोठा, असं तरुण मंडळींचं ठरलेलं होतं. भाऊजींनी मुंबईहून परातीएवढा वूफर आणला, म्हणजे गाण्यातला 'बास', तो खालचा घुमणारा आवाज, काढणारा स्पीकर. आता त्याला सबवूफर म्हणतात, तेव्हा वूफरच म्हणायचे. तो नुसता ठेवून चालत नाही, त्याला लाकडाची पेटी लागते, आणि जशी पेटी तसा आवाज. हे ज्ञान मला महिनाभर पोळ्या लाटताना ऐकावं लागलं.

पेट्या दोन तऱ्हेच्या. एक चहूबाजूंनी बंद. ती बुटकी करता येते, तिच्यातला आवाज थोडा कमी पण नेटका. दुसरी भोकाची. तिच्यात हवा खेळायला एक भोक ठेवतात, त्यामुळे आवाज घुमतो, पण ती ट्रंकेएवढी मोठी लागते. मी मोजायची टेप घेऊन खाली अंगणात गेले. मधल्या सीटखाली मोजलं आणि सुतारालाही विचारून आले. बंद पेटी तिथे सहज बसत होती. कुणाची जागा जाणार नव्हती. हे मी जेवताना सांगितलं, तर भाऊजी म्हणाले की त्यात आवाज कोंडतो. यांनी मान डोलावली. माझ्या नवऱ्याची मान भावाच्या बाजूनं फार सैल होती.

शेवटी यांनीच तोडगा काढला आणि वर स्वतःवर खूश झाले. मोठी पेटी करायची, मागचा बाक काढून तिथे बसवायची आणि तिच्यावर फोम घालून रेक्झिन मारायचं. म्हणजे पेटीही झाली आणि बसायलाही झालं. मग भोक कुठे ठेवायचं यावर आठवडा गेला. समोर वूफरची जाळी, मागे दार, दोन्ही बाजूंना गाडीचा पत्रा. राहिली वरची बाजू. फुलपात्राएवढं भोक बरोबर बसायच्या जागेच्या मधोमध आलं. मी म्हटलं, अहो, माणूस बसणार कुठे? तर सुतारापासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर, जरा कडेला बसायचं. घरात पाच शहाणी माणसं होती, आणि त्यातल्या एकालाही त्या पेटीवर बसायचं नव्हतं.

मे महिन्यात कळवणला माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. मी करवली. नवी साडी, केसात गजरा, मांडीवर आहेराची पिशवी. मुलीला सासूबाईंनी मांडीवर घेतलं आणि मी त्या पेटीवर बसले. दिंडोरीच्या अलीकडेच भाऊजी आरशात बघून म्हणाले,

"वहिनी, जरा सरकून बसा. बास दबतोय."

सरकले. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला मी घसरून पुन्हा मधे यायची आणि भाऊजी पुन्हा आरशात बघायचे. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं तेव्हा हेही वळून म्हणाले, अगं, एवढं काय कठीण आहे त्यात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या माहेरी चाललेल्या गाडीत, माझ्याच भावाच्या लग्नाला, मी एका भोकाची अडचण होते.

वणीला सासूबाई सोडून सगळे चहाला उतरले. मी पिशवी घेतली आणि म्हणाले,

"पेटीला नीट बसू द्या. मी एस.टी.नं येते."

लोक काय म्हणतील, असं म्हणत हे चार पावलं मागे आले. मी वळून पाहिलं नाही. मुलगी सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती, म्हणून तिला तिथेच राहू दिलं. कळवणची गाडी लागलेलीच होती. खिडकीशी जागा मिळाली. अख्ख्या बुडानं बसायला मिळाल्याचा आनंद एवढा असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

नांदुरीच्या पुढे आमची व्हॅन हॉर्न वाजवत एस.टी.च्या पुढे गेली. आधी धडधड ऐकू आली, मग मागची काच दिसली. पेटीवर माझी मुलगी बसली होती. एका कडेला अंग चोरून, दोन्ही हातांनी पत्र्याची कड धरून. मधली जागा तिनं मोकळी सोडली होती. मी खिडकीतून हात हलवला, पण तिचं लक्ष तोल सांभाळण्यात होतं.

लग्नात मी हसले, मिरवले, करवलीचा मान घेतला. पण ती काच काही डोळ्यांपुढून हलेना. परत निघताना मी कुणाला न विचारता मुलीचा हात धरला आणि तिला एस.टी. स्टँडवर नेलं. ती सगळ्या रस्त्यानं रडत आली. तिला गाण्याच्या गाडीतून जायचं होतं. एस.टी.त मी तिला खिडकीशी बसवलं आणि समजावलं की इथे कशी ऐसपैस जागा आहे, हवं तसं बस. ती मुसमुसत म्हणाली,

"पण मी नीट कडेला बसते ना, आई. मला काका एकदाही बोलले नाहीत."