दुभाजकापलीकडची पाटी

आमच्या फाटकासमोर दुभाजकात गाड्या वळायला मोकळी जागा होती. दिवसभर हॉर्नचा कलकलाट चालायचा. ती जागा बंद करा, असा अर्ज सोसायटीने महापालिकेला दिला. त्यासाठी मी स्वतः दोन तास उभा राहून वळणाऱ्या गाड्या मोजल्या. चालणारी माणसं मोजायचं सुचलंच नाही.

महिन्याभरात ती जागा बंद झाली. आता गॅलरीत छान शांतता असते. आज सकाळी पलीकडच्या वस्तीतल्या भाजीवाल्या सुमनमावशी पाटी दुभाजकावर टेकवून, लुगडं सावरत वर चढताना दिसल्या. मी धावत जाऊन पाटी उतरवून घेतली. आमची शांतता त्यांच्या गुडघ्यांना भोवत होती.

“कुणाच्या डोळ्यांत खुपत होती हो आमची वाट?” त्यांनी विचारलं.

“काय माहीत,” मी म्हणालो.

“तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय बाबा,” म्हणत त्यांनी कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात कोंबली.

मी ती घेतलीसुद्धा.